निळ्या कार्डांवरची गावं

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरात तीन गोष्टी ठरल्यासारख्या होतात. पुढच्या मेपलची पानं छपराच्या पन्हळीत जाऊन बसतात. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, "पुढच्या शनिवारी काढतो" असं म्हणतो. आणि मी स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर ओढून वाणसामानाच्या यादीसाठी एक निळं कार्ड काढते.

कार्डं लायब्ररीत असतात तशी, तळहाताएवढी, जाड. पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका ऑक्टोबरातल्या कामातून ती उरली आणि प्रोफेसर झेलनिकनी "घरी उपयोगी पडतील" म्हणून मला दिली. मी वस्तू टाकून देणारी बाई नाही. दूध, कोथिंबीर, ओव्हनचा बल्ब असं लिहिता लिहिता ती आता संपत आली आहेत. काल एक कार्ड उलटलं तर मागे माझंच टायपिंग. 'दमास्कस', खाली ओळीने पानांचे आकडे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने प्रोफेसरांनी काढलेलं प्रश्नचिन्ह. ते कार्ड मी बाजूला ठेवलं आणि यादी विजेच्या बिलाच्या पाकिटावर केली.

जुनं उगाळत बसायची मला सवय नाही. पण पानगळीचा तो एक फॉल माझ्या नाकात बसलाय. वाफेच्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या संत्र्याच्या साली, टाइपरायटरच्या नव्या रिबनचा वास, आणि गाडीच्या दारापाशी साठलेल्या ओल्या पानांचा, चहाच्या चोथ्यासारखा. यातलं काहीही आलं की मला आधी एक खोली दिसते, मग एक नदी, आणि मग पितळी देवांचा एक बंद डबा.

खोली विद्यापीठातली. नदीपलीकडे न्यू ब्रन्सविकला, विटांच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आमची नीता तिसरीत गेली होती, मला दिवसाचे पाच तास मोकळे मिळत होते. सांगलीला लग्नाआधी सहकारी बँकेत टायपिस्ट होते, हात चालत होता. डिपार्टमेंटने तीन महिन्यांसाठी बाई हवी म्हणून चिठ्ठी लावली होती. काम एकच: प्रोफेसर झेलनिकच्या पुस्तकाची शेवटची सूची तयार करायची. त्यातही फक्त स्थळांची. पुस्तकाची कच्ची छापील पानं समोर ठेवायची, जिथे गावाचं, देशाचं, डोंगराचं नाव येईल तिथे खूण करायची, नावागणिक एक कार्ड करायचं, त्यावर पानांचे आकडे टाकायचे.

पुस्तक होतं एका जुन्या ज्यू पंथाच्या लिखाणावर. दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं. जेरुसलेमच्या देवळातल्या पुजाऱ्यांशी त्यांचं बिनसलं. सण कोणत्या दिवशी करायचे, शुद्ध काय, अशुद्ध काय, यावरून. भांडण इतकं वाढलं की ही मंडळी बाहेर पडली आणि स्वतःचे नियम लिहून वेगळी राहिली. त्यांची चामड्यावरची लिखाणं मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडली. त्यातल्याच एका नियमावलीच्या प्रती त्याच्या आधी कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, जुने कागद टाकायच्या खोलीत मिळाल्या होत्या. प्रोफेसरांनी चाळीस वर्षं त्या नियमावलीवर घालवली होती.

प्रोफेसर तेव्हा सत्तरीला टेकलेले. ठेंगणे, स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात. न्यूअर्कला जन्मले, इथे शिकले, इथेच शिकवलं. गाडी चालवता येत नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "तुम्ही जेरुसलेमला किती वेळा गेलात?"

"मी फिलाडेल्फियाला दोनदा गेलोय," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हते करत. विमानाची भीती, बोटीची त्याहून. ज्या वाळवंटातली एकेक घळ त्यांना पाठ होती ते वाळवंट त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये मात्र हे हरवत.

तीन महिन्यांचं काम मी चार दिवसांत उरकलं. नीताच्या शाळेतून मोठा ॲटलस आणला, प्रत्येक नावापुढे आजचा देश टाइप केला. दमास्कस, सीरिया. लेबनॉन, देश, राजधानी बैरुत. खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा मनातून मी फारच खूश होते.

प्रोफेसरांनी संत्रं सोलत एकेक कार्ड वाचलं. मग म्हणाले, "मिसेस के," (कुलकर्णी त्यांना झेपत नसे) "ही सगळी माणसं सीरियाला पोचली. यांना व्हिसा कुणी दिला?"

मला राग आला. "नाव दमास्कस आहे. दमास्कस सीरियात आहे. मी तपासलंय."

"तुम्ही बरोबर असाल. कदाचित. ते 'कदाचित' कोणत्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं, तेवढं मला सांगा."

मग त्यांनी समजावलं. ही माणसं लिहितात की आम्ही यहूदाची भूमी सोडून बाहेर पडलो आणि दमास्कसच्या प्रदेशात राहिलो, तिथे देवाशी नव्याने करार केला. आता हे दमास्कस कुठलं? कुणी अभ्यासक म्हणतात, तेच, नकाशातलं. कुणी म्हणतात, त्यांच्या पूर्वजांना बंदी करून नेलं त्या बाबिलोनला हे नाव दिलंय. कुणी म्हणतात, मृत समुद्राकाठी ते राहत होते त्याच ओसाड जागेला. घर सुटल्यावर जिथे राहतो ते दमास्कस, असं.

"तुमचं मत काय?"

"मला माहीत नाही," प्रोफेसर म्हणाले आणि सालं रेडिएटरवर मांडून ठेवली.

चाळीस वर्षं एकाच नियमावलीत घालवलेला माणूस 'मला माहीत नाही' असं इतकं सरळ म्हणतो, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं. आमच्या ओळखीत सगळे इंजिनियर आणि डॉक्टर. त्यांना सगळं माहीत असतं.

आता घराकडचं सांगते, कारण त्या फॉलमध्ये खरी अडचण तिथे होती.

अण्णा, माझे सासरे, जूनमध्ये नाशिकहून आले होते. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. माई, माझ्या सासूबाई, आदल्या कार्तिकात गेल्या. त्यानंतर अण्णांना हार्ट अटॅक येऊन गेला. नाशिकचं घर म्हणजे खाली शिंप्याचं दुकान, वर तीन खोल्या, मधे चोवीस पायऱ्या. डॉक्टर म्हणाले होते, पायऱ्या नकोत आणि एकटं तर मुळीच नको. श्रीकांत एकुलता एक. त्याने ग्रीन कार्डचा अर्ज भरून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. राहण्याचा पत्ता आणि सही, एवढंच बाकी ठेवलेलं. "पत्ता तुम्हीच लिहा अण्णा, तुमचं अक्षर चांगलंय," असं म्हणून. अर्ज तिथे चार महिने लटकत होता. त्याच्यावर भोपळ्याच्या घारग्यांच्या तेलाचा एक डागही पडला होता.

अण्णांना परत जायचं होतं. सहा महिन्यांचा व्हिसा, नोव्हेंबरच्या मध्याचं तिकीट. पोचल्यावर चार दिवसांनी माईंचं वर्षश्राद्ध. श्रीकांतला तेव्हा रजा मिळणार नव्हती, म्हणून त्याच्या नावाने पुतण्याच्या हातून करवणार होते. "इथे करू की, मी बसतो, तुम्ही सांगा," असं श्रीकांत दहादा म्हणाला. अण्णांना सगळं श्राद्ध तोंडपाठ. पण ते म्हणत, इथे होणार नाही.

कारण काय, तर पत्ता.

आपल्याकडे कोणत्याही धार्मिक कृत्याला बसताना आधी संकल्प सांगतात. कोणत्या काळात, कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसून आपण हे करतोय. नाशिककर 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात. बाकीचे लोक हे घडाघडा म्हणून मोकळे होतात, अण्णा तसे नव्हते. त्यांचं घर नदीच्या दक्षिण काठाला. पंचवटीत मेहुण्याकडे पूजेला बसले की ते 'उत्तरे तीरे' म्हणत आणि पूल ओलांडून घरी आले की 'दक्षिणे तीरे'. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हे कानांनी ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बाई गं, कुठे येऊन पडले.

"छत्तीस वर्षं मी चुकीच्या पत्त्याची पत्रं परत पाठवली," अण्णा म्हणायचे. "आता मीच खोटा पत्ता घालू? इथे कुठली गोदावरी?"

"मग इथली नदी सांगा. रॅरिटन," श्रीकांत म्हणायचा.

"ती कुठल्या पोथीत आहे?"

"मंडळातले पाटणकर काका म्हणतात की अमेरिकेला क्रौंचद्वीप म्हणायचं."

"पाटणकरांनी पाहिलंय क्रौंचद्वीप?"

झालं, पुढे बोलायची सोय नाही. नुसतं श्राद्धच नव्हे, अण्णांनी रोजची पूजाही बंद ठेवली होती. नाशिकहून आणलेले देव माईंच्या खणात गुंडाळून डब्यात, आणि डबा कपड्यांच्या कपाटात. आयुष्यात ज्या माणसाने पूजेशिवाय चहा घेतला नाही तो सकाळी सातला डायनिंग टेबलशी बसून नुसता खिडकीबाहेर बघायचा. जेवण निम्म्यावर आलं होतं.

"मॉम, इज आजोबा ऑन स्ट्राइक?" नीताने एकदा विचारलं. मी "यस," म्हटलं.

गणपतीत तर कहर झाला. तेव्हा आमचं मंडळ एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेई. भिंतीवर दूध पिणाऱ्या मुलांची चित्रं, त्याखाली मखर. गुरुजी मिळत नसत, म्हणून पुण्याहून पूजेची कॅसेट आणली होती. पाटणकर काका टेपरेकॉर्डरपाशी, पूजेला एक नवीन जोडपं. "पॉज कर, पॉज कर! अरे फुलं कुठायत? रिवाइंड!" असं चाललेलं. कॅसेटमधल्या गुरुजींनी खणखणीत आवाजात 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हटलं आणि सगळ्यांनी हात जोडले. अण्णा उठले आणि सरळ बाहेर गेले.

मी प्रसादाचा द्रोण घेऊन पार्किंग लॉटमध्ये गेले. गाडीला टेकून उभे होते.

"टेपचं काय," ते म्हणाले, "ती नाशिकलाही तेच म्हणेल आणि चंद्रावर नेली तरी तेच म्हणेल. माणसाने तरी आपण कुठे उभे आहोत ते बघून बोलावं."

मला त्यांचा राग आला होता, आणि ते बरोबर बोलताहेत असंही वाटत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला त्याच सुमारास प्रोफेसर शिकवत होते.

कार्डांची सोय मी लावली. पांढरं कार्ड म्हणजे पायी जाता येईल असं स्थळ. निळं कार्ड म्हणजे स्थळाचं नाव, पण अर्थ दुसराच. आणि ज्याबद्दल सांगता येत नाही त्याची दोन्ही कार्डं करायची आणि रबरबँडने बांधायची. प्रोफेसर या व्यवस्थेवर इतके खूश झाले की त्यांनी मला अर्धं संत्रं दिलं. तो त्यांचा सर्वोच्च सन्मान होता.

आणि मग एकेक नाव उलगडायला लागलं. धर्मग्रंथात लेबनॉन आलं की ही माणसं त्याचा अर्थ लावतात, लेबनॉन म्हणजे आपल्या पंथाची सभा. निळं कार्ड. जुन्या गीतात सरदारांनी खणलेली एक विहीर आहे. ही माणसं म्हणतात, विहीर म्हणजे धर्मशास्त्र, आणि ती खणणारे म्हणजे देश सोडून बाहेर पडलेले आम्ही. निळं कार्ड. वाळवंटात वाट तयार करायची, म्हणजे शास्त्राचा अभ्यास करायचा. निळं. पण ही माणसं खरोखरच वाळवंटाच्या कडेला राहत होती, खरं ऊन खात होती. मग पांढरंही. रबरबँड.

देवळाच्या कार्डापाशी मी बराच वेळ थांबले होते, आठवतं. देवळाशी भांडून निघालेल्या माणसांनी हात जोडायचे कुठे? त्यांनी लिहून ठेवलं की आपण जमलो आहोत हेच देऊळ. पाया आपण, भिंत आपण, कोपऱ्याचा दगड आपण. बळी जाळायचे तर वेदी नाही, म्हणून प्रार्थना आणि सरळ वागणं हेच अर्पण. हे टाइप करताना मला कॅफेटेरिया आठवला. आम्ही काही एवढे मोठे नव्हतो. आमचं अर्धं लक्ष पार्किंगकडे आणि अर्धं मसालेभाताकडे. पण मुलांच्या चित्राखाली गणपती मांडताना आम्हीही थोडंफार तसंच काहीतरी करत होतो, आणि ते करताना आमच्याजवळ कॅसेट होती, त्यांच्याजवळ कॅसेटही नव्हती. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटलं. हातातून सगळं गेल्यावर रडत न बसता त्यांनी कामाची व्यवस्था लावली होती. मला व्यवस्था लावणारी माणसं आवडतात.

घरी आल्यावर भाजी निवडताना मी हे अण्णांना सांगू लागले. सांगण्यामागे काही डाव नव्हता. माणूस दिवसभर एकटा, काहीतरी बोलायला हवं. अण्णा आधी हुं हुं करत. विहिरीची गोष्ट त्यांना पटली नाही. "विहीर म्हणजे विहीर," म्हणाले. मग एक दिवस मी सांगितलं की त्यांच्या त्या नियमांत असंही आहे, शब्बाथच्या, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवशी गावाबाहेर हजार हातांपलीकडे चालायचं नाही.

अण्णांनी हातातली घेवड्याची शेंग खाली ठेवली. "मोजत होते?"

"मोजत असणार. नियम आहे."

"हात म्हणजे कोपरापासून?"

"कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत."

"म्हणजे लेबनॉनला सभा म्हणणारी माणसं हात मोजत होती."

"हो."

"हं," अण्णा म्हणाले. "मग ती गबाळी नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर अण्णा कोट, कानटोपी घालून पुढच्या दारातून पावलं मोजत निघाले होते. ओठ हलत होते. समोरची मिसेस रूसो पानं ओढायची थांबून बघत राहिली. पाऊण तासाने आले. "कोपऱ्यावरची टपालपेटी हजार हातांच्या आत येते," त्यांनी जाहीर केलं, आणि त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या.

हे मी प्रोफेसरांना सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "मला या माणसाला भेटायचंय. मी चाळीस वर्षांत एकदाही मोजून पाहिलेलं नाही."

भेट झाली गाडीत. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. अण्णांना डॉक्टरकडे दाखवून मी परत येत होते आणि प्रोफेसरांना डिपार्टमेंटमधून घरी सोडायचं होतं. तिकिटाला दहा दिवस राहिले होते. अण्णांची बॅग भरलेली होती, आणि डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं होतं.  मला रडू येत होतं, पण स्टिअरिंग हातात असताना त्याचा उपयोग नसतो.

मागे दोघे म्हातारे. अण्णांचं इंग्रजी पोस्टातलं, सरळ उभं, इस्त्री केलेलं.

"सर," अण्णा म्हणाले, "माझ्या सुनेकडून कळलं की तुमच्या लोकांनी पत्ता चुकीचा लिहिला."

"दमास्कस? असेलही. पण दोन हजार वर्षं झाली, पत्र अजून परत आलेलं नाही."

"परत आलं नाही म्हणजे पोचलं असं आम्ही धरत नाही. हरवलेलंही असतं."

प्रोफेसरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मिस्टर कुलकर्णी, हे मला पुस्तक लिहायच्या आधी सांगायला हवं होतं."

दोघेही हसायला लागले. मग अण्णांनी विचारलं, अगदी तपासणीला आलेल्या साहेबासारखं, "पण तुमचं मत काय? नाव खरं नसेल तर त्या माणसांना खोटं म्हणायचं का?"

"खोटं बोलणारा माणूस हातून सुटलेली गोष्ट लपवतो," प्रोफेसर सावकाश म्हणाले. "यांनी ती नावात घालून सोबत नेली. आणि राहत होते तिथली जमीन मात्र हातांनी मोजली. मला एवढंच दिसतं. बाकी माहीत नाही."

 मी आरशात पाहिलं. अण्णा बाहेर नदीकडे बघत होते.

प्रोफेसर रोज संध्याकाळी नदीकाठी फिरत. नदी आणि जुना कालवा यांच्यामधे एक पायवाट आहे, तिथे सोडा म्हणाले. मी गाडी लावली. अण्णाही उतरले. वारा होता, झाडांवर शेवटची पिवळी पानं, पाण्यावर पानांचे गालिचे संथ वाहत होते. दोन पुरुष पुढे, मी मागे किल्ल्या हातात घेऊन.

अण्णा थांबले. "सर, हा तीर कोणता? उत्तर की दक्षिण?"

ज्यांना मॉलमध्ये आपली बाजू सापडत नाही त्या प्रोफेसरांनी एका क्षणात सांगितलं, "दक्षिण. इथे नदी थोडी वळते, पण दक्षिण. तुमचं घर पलीकडे, ते उत्तर."

अण्णांनी सूर्याकडे पाहिलं. मावळतीला किती आहे, पाणी कुठून कुठे जातं, सगळं बघून घेतलं. मग बूट काढले. "अण्णा, थंडी आहे," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. कोट काढून दिला, तो प्रोफेसरांनी दोन्ही हातांनी धरला, दुकानात नवा कोट धरतात तसा. अण्णा मोज्यांसकट काठाच्या दगडांवर उतरले, वाकले, ओंजळीत पाणी घेतलं. काहीतरी म्हणाले. तेवढ्यात पुलावरून ट्रक गेला आणि मला ऐकू आलं नाही.

वर आले तेव्हा मोजे भिजलेले. "पाणी थंड आहे," एवढंच म्हणाले.

प्रोफेसरांनी कोट त्यांच्या खांद्यावर घातला. त्यांना फिरायला तिथेच सोडून आम्ही दोघं घरी निघालो. हीटर मी पायांकडे वळवला. पुलावर अण्णांनी काच खाली करून दोन्ही बाजू बघितल्या आणि काच परत वर केली.

पुस्तक पुढे दीड वर्षाने आलं. सूचीत दमास्कस दोनदा आहे, एकदा स्थळ म्हणून आणि एकदा अर्थ म्हणून, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरीकडेही पाहावं अशी सूचना. प्रस्तावनेत माझं नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर. प्रोफेसर अजून फोन करतात. अजूनही फिलाडेल्फियाच्या पलीकडे गेलेले नाहीत. हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं, पण नदीकाठी एकटे जातात. तिथे हरवत नाहीत.

नदीवर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. श्रीकांत झोपलेला, नीता कार्टून लावायला खाली गेलेली. मी कॉफी करत होते. वर कपाटाचं दार वाजलं, मग बाथरूममध्ये पाणी. मग बराच वेळ काही नाही. मग डायनिंग टेबलच्या बाजूने डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पितळेवर पितळ लागलं, आणि घंटा वाजली. जूनपासून या घरात ती घंटा वाजली नव्हती. नीताने टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

मी ओट्यापाशी उभी राहिले. अण्णा संकल्प सांगत होते. त्यांचा आवाज पहिल्यांदा घोगरा, मग मोकळा झाला. तिथी आली, वार आला. मग नदी आली. गोदावर्याः, ते म्हणाले, आणि किंचित थांबले. मी चमचा हातात धरून ऐकत होते.

"उत्तरे तीरे," अण्णा म्हणाले.

कॉफी उतू गेली. ती पुसायला मी पेपर टॉवेलकडे वळले, तर फ्रिजवरचा अर्ज दिसला. पत्त्याचा रकाना भरलेला होता. गोल, उभ्या, पोस्टातल्या अक्षरात आमचा घर नंबर, रस्ता, पिस्कॅटवे, न्यू जर्सी. झिप कोडखाली दोन रेघा मारलेल्या, वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. खाली सही.

नऊ वाजता ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस उघडलं तसा मी फोन लावला. कुलकर्णी नावाचं तिकीट कॅन्सल करायचंय, म्हटलं. पलीकडची मुलगी नवी होती, फॉर्म भरत होती.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं.

"पॅसेंजरचा पत्ता बदललाय," मी म्हटलं, आणि अण्णांना हाक मारली, कॉफी घ्यायला या म्हणून.